आधी पाहा, मग निषेध करा

९ नोव्हेंबर १९७९ च्या रात्री बीबीसीवर एक चर्चा रंगली. एका बाजूला ‘मॉन्टी पायथन’ या विनोदी चमूतले जॉन क्लीझ आणि मायकल पेलिन, तर दुसऱ्या बाजूला सदर्कचे बिशप मर्विन स्टॉकवुड आणि पत्रकार माल्कम मगरिज. विषय होता त्या वर्षीचा ‘लाइफ ऑफ ब्रायन’ हा चित्रपट. येशूच्या शेजारच्याच गोठ्यात जन्मलेल्या आणि लोकांनी उगाचच मसीहा ठरवलेल्या ब्रायन नावाच्या माणसाची ही थट्टेखोर गोष्ट. बिशपसाहेब प्रभू येशूची विटंबना झाली म्हणून तावातावाने बोलले आणि शेवटी, तुम्हाला तुमची तीस नाणी मिळतीलच, असे समोरच्या दोघांना सुनावून मोकळे झाले. पुढे कळले ते असे, की दोघेही टीकाकार चित्रपटाला पंधराएक मिनिटे उशिरा पोहोचले होते. येशू वेगळा आणि ब्रायन वेगळा, हे नेमके त्या पंधरा मिनिटांत दाखवले आहे. डोंगरावर प्रवचन करणारा येशू तिथे पूर्ण गांभीर्याने येतो. थट्टा आहे ती मागच्या रांगेत नीट ऐकू न आल्यामुळे भांडत बसलेल्या लोकांची.

चित्रपटावर नॉर्वेत बंदी आली, आयर्लंडमध्ये ती १९८७ पर्यंत टिकली. नॉर्वेशेजारच्या स्वीडनमध्ये वितरकांनी त्याचीच जाहिरात केली: इतका विनोदी चित्रपट, की नॉर्वेत त्यावर बंदी आली!

किस्सा जुना आणि परदेशातला असला तरी वसई, मुंबई, अहिल्यानगर, जालना इथल्या ख्रिस्ती मंडळींच्या मोबाइलमध्ये त्याची भावंडे रोज सापडतात. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून एक साखळीपत्र फिरते आहे. येशूवर एक अश्लील चित्रपट येणार आहे, तो रोखण्यासाठी सह्या करून हे पत्र पुढे पाठवा, असा त्यातला मजकूर. पुढे ते ईमेलवर आले, मग व्हॉट्सअ‍ॅपवर. चित्रपटाचे नाव अधूनमधून बदलते, ‘लवकरच प्रदर्शित होणार’ हे शब्द मात्र बदलत नाहीत. चाळीस वर्षांत तो चित्रपट काही आलेला नाही. तरीही दर दोन-तीन वर्षांनी तो निरोप एखाद्या प्रार्थना गटात येतो आणि ‘आमेन’सह पुढे जातो.

ख्रिस्ती माणसाने चित्रपट, मालिका, गाणी, रील्स, गेम यांच्याशी कसे वागावे, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती घरांत बहुधा दोनच प्रसंगी निघतो. कुठल्याशा चित्रपटावरून गदारोळ होतो तेव्हा, आणि दहावीतल्या मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यायची वेळ येते तेव्हा. पहिल्या प्रसंगी सगळे धर्मग्राम जागे होते, दुसऱ्या प्रसंगी घरातली आई एकटी पडते. खरे तर हे उलटे व्हायला हवे. वादग्रस्त चित्रपट पाहून कुणाची श्रद्धा गेल्याचे उदाहरण शोधून काढावे लागते. रील्सच्या नादात सायंप्रार्थना बंद पडलेली घरे शोधावी लागत नाहीत. भीती चुकीच्या जागी आहे.

बंदीचा मार्ग ख्रिस्तसभेने पुरेपूर चालून पाहिलेला आहे. निषिद्ध ग्रंथांची यादी १५५९ मध्ये पोप चौथे पॉल यांच्या काळात निघाली आणि १९६६ मध्ये ती कालबाह्य ठरवली गेली. चारशे वर्षांच्या या यादीत व्हिक्टर ह्युगोची ‘ले मिझराब्ल’ ही कादंबरीही जवळपास शंभर वर्षे होती. चांदीची भांडी चोरणाऱ्या कैद्याला वाचवण्यासाठी पोलिसांसमोर त्याच्या हाती चांदीच्या दिवट्याही ठेवणारा बिशप याच कादंबरीतला. ख्रिस्ती क्षमेचे इतके जिवंत चित्र फार थोड्या धर्मोपदेशकांनी उभे केले असेल. १९५५ मध्ये सोहराब मोदींनी त्यावर ‘कुंदन’ काढला, तेव्हा आपल्याकडचे प्रेक्षक ती गोष्ट पडद्यावर पाहत होते आणि मूळ पुस्तक रोमच्या यादीत निषिद्धच होते.

अमेरिकेतही १९३४ पासून ‘लीजन ऑफ डीसेन्सी’च्या नावाने कॅथलिक भाविक वाईट चित्रपट न पाहण्याची शपथ चर्चमध्ये उभे राहून घेत. रोबेर्तो रोस्सेलिनीच्या ‘द मिरॅकल’ या छोट्या चित्रपटाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये त्यांनी इतके रान उठवले, की त्याचा परवाना रद्द झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५२ मध्ये निकाल लागला: चित्रपटालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. सेन्सॉरची पकड ढिली करणारा हा निकाल निदर्शकांच्याच कर्तबगारीचे फळ.

आता एक उलटे उदाहरण. ऑक्टोबर १९६२ मध्ये पिएर पाओलो पासोलिनी हा इटालियन कवी आणि दिग्दर्शक एका कॅथलिक संस्थेच्या निमंत्रणावरून असिसीला आला होता. हा माणूस मार्क्सवादी, नास्तिक, समलिंगी. कुठल्याही धर्मगुरूने पाहुणा म्हणून बोलावताना दहा वेळा विचार करावा असा. त्याच दिवसांत पोप तेविसावे जॉन असिसीला भेट देत होते. गर्दीने रस्ते तुंबले, पासोलिनीला बाहेर पडता येईना. खोलीत पडल्या पडल्या त्याने तिथे ठेवलेले शुभवर्तमान उघडले आणि मत्तयलिखित शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढले. मधल्या काळात, १९६३ मध्ये, एका लघुपटातून धर्माचा अवमान केल्याबद्दल इटालियन न्यायालयाने त्याला शिक्षाही सुनावली. आणि १९६४ मध्ये त्याच्याच हातून ‘संत मत्तयलिखित शुभवर्तमान’ हा चित्रपट आला.

या चित्रपटातले संवाद पासोलिनीने लिहिलेले नाहीत, ते मत्तयाचे आहेत. येशूचे काम एन्रिके इराझोकी या १९ वर्षांच्या स्पॅनिश विद्यार्थ्याने केले. बाकीचे बरेच चेहरे दक्षिण इटलीतल्या गरीब गावकऱ्यांचे, उन्हाने रापलेले. क्रूसाजवळ उभी असलेली वृद्ध मरिया ही पासोलिनीची स्वतःची आई. गुळगुळीत केसांचा, निळ्या डोळ्यांचा कॅलेंडरमधला येशू इथे कुठेच नाही. इथला येशू झपाझप चालतो, मागे वळून शिष्यांशी बोलतो आणि श्रीमंतांना तोंडावर सुनावतो. चित्रपट तोवर दिवंगत झालेल्या पोप तेविसाव्या जॉन यांना अर्पण केलेला आहे. व्हेनिसच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेने त्याला पारितोषिक दिले. सिनेमाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ मध्ये, व्हॅटिकनने ४५ उत्तम चित्रपटांची यादी काढली, तीत तो आहे. २०१४ मध्ये तर व्हॅटिकनच्या दैनिकाने येशूवरचा आजवरचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून त्याला गौरवले. दिग्दर्शकाचा धर्म, पक्ष आणि खासगी आयुष्य पाहून कलाकृती निवडणाऱ्याच्या वाट्याला हा चित्रपट कधीच आला नसता. उलट भक्तीच्या नावावर निघालेले, पार्श्वसंगीताने रडवणारे आणि तासाभरात विसरले जाणारे कित्येक येशूपट त्याच्या वाट्याला आले असते.

मग निषेध कधीच करायचा नाही? करावा, पण आधी समोर आहे ते काय आहे, हे ओळखावे. बोस्टनमधल्या धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक शोषणावरचा ‘स्पॉटलाइट’ हा खरी टीका करणारा चित्रपट. त्याला २०१६ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले, तेव्हा हा चित्रपट कॅथलिकविरोधी नाही, असे खुद्द व्हॅटिकनच्या दैनिकाने लिहिले. अशा कलाकृतीविरुद्ध फलक घेऊन उभे राहणे म्हणजे पीडितांना दुसऱ्यांदा गप्प करणे होय. तो धर्मग्रामाच्या सभागृहात दाखवावा, आणि मग आपल्या शाळेत, वसतिगृहात, धर्मशिक्षणाच्या वर्गात बालसुरक्षेचे नियम आहेत का, हे त्याच संध्याकाळी विचारावे.

हिंदी चित्रपटांनी रंगवलेला ‘ख्रिस्ती माणूस’ ही निराळी गोष्ट. ‘बॉबी’तला बाटलीप्रेमी जॅक ब्रगान्झा, ‘अमर अकबर अँथनी’तला गुत्तेवाला अँथनी, ‘ज्युली’तले अँग्लो-इंडियन घर. हे पाहून वाढलेल्या शेजाऱ्याला अजूनही वाटते, की ख्रिस्ती म्हणजे झगा, केक आणि दारू. ओव्या म्हणणारी, नऊवारी नेसणारी, शेतात राबणारी ख्रिस्ती बाई त्याने पडद्यावर पाहिलेलीच नसते. इथे श्रद्धेचा अपमान झालेला नाही. पटकथालेखकाचे अज्ञान आणि आळस तेवढे दिसतात. मोर्च्याने ते जात नाहीत. त्यांना उतारा म्हणजे खऱ्या ख्रिस्ती जीवनावरची चांगली कथा, चांगले नाटक, चांगली मालिका. ती लिहिणारी माणसे घडवावी लागतात.

तिसरा प्रकार ‘द दा विंची कोड’चा. २००६ च्या मे महिन्यात हा चित्रपट भारतात आला तेव्हा मुंबईत निदर्शने झाली, केंद्रीय मंत्र्यांनी ख्रिस्ती प्रतिनिधींना तो दाखवला, प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आणि ‘ही काल्पनिक कथा आहे’ असा खुलासा जोडून तो आठवडाभर उशिरा लागला. गोवा, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, पंजाब, नागालँड या राज्यांनी बंदी घातली. आंध्रातली बंदी उच्च न्यायालयाने उठवली. या धामधुमीत कादंबरीतल्या दाव्यांना उत्तर द्यायचे मात्र राहूनच गेले. ते अवघड नव्हते. सम्राट कॉन्स्टंटाइनने शुभवर्तमाने निवडली, असे त्यातले एक पात्र सांगते. त्याच्या काळातल्या, ३२५ च्या निकाया परिषदेच्या वीस नियमांत बायबलच्या पुस्तकांच्या निवडीचा विषयच नाही. नव्या करारातली सत्तावीस पुस्तके आजच्यासारखी एकत्र मोजलेली प्रथम दिसतात ती अथनासियसच्या ३६७ च्या पत्रात. कथेतल्या गूढ संघटनेचा पुरातन इतिहास तर विसाव्या शतकात फ्रान्समध्ये बनावट कागदपत्रांच्या आधारे रचला गेला. संघटनेची नोंदणी १९५६ ची. तरुणांच्या एका बैठकीत एवढे सांगितले असते, तर पुस्तक वाचून गोंधळलेल्या मुलाला हाती धरायला काहीतरी मिळाले असते. बंदीने त्याला एवढेच कळले, की मोठ्यांकडे उत्तर नाही.

खऱ्या विटंबनेसाठीही रस्ते आहेत. ओटीटीवरच्या मालिकेबद्दल तक्रार असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा लागतो. तक्रार करताना कोणता भाग, कितव्या मिनिटाचे दृश्य, आक्षेप नेमका काय, हे लिहावे. म्हणजे ते पाहावे लागते, आणि पाहिल्यावर निम्म्या तक्रारी आपोआप मागे पडतात. धार्मिक भावना दुखावल्याचा फौजदारी गुन्हा, पूर्वीचे कलम २९५-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम २९९, हे शेवटचे हत्यार समजावे. अल्पसंख्य समाजाने ते जितके परजावे तितके उद्या त्याच्याच प्रवचनावर, पत्रकावर, गीतावर उलटण्याची शक्यता वाढते.

लोकप्रिय संस्कृती म्हणजे बाहेरच्यांची वस्तू आणि ख्रिस्ती माणूस तिच्या दाराशी उभा, हे चित्र मुळातच चुकीचे आहे. हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ घ्या. त्या वाद्यवृंदांत व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि सुरावटी कागदावर उतरवून देणारे बहुसंख्य कलाकार गोव्याचे ख्रिस्ती होते. त्यांना स्वरलिपी शिकवली कुणी? गावच्या चर्चला जोडलेल्या शाळांनी. मिस्सेसाठी गायक आणि वादक हवेत म्हणून पोरांना संगीत शिकवले गेले आणि तीच पोरे मोठी होऊन मुंबईच्या स्टुडिओंत पोहोचली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चमधल्या गायकवृंदाच्या मार्गदर्शकाचे चिरंजीव. त्यांनी संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या अँथनीला आडनाव मिळाले ते या गुरूचे. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन केले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांना ‘अलबेला’साठी (१९५१) साथ मिळाली चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या आंतोनियो वाझ यांच्या ट्रम्पेटची. भगवानदादांच्या ठेक्यावर थिरकणाऱ्या महाराष्ट्राने नकळत गोव्यातल्या चर्चच्या संगीतशाळेला दाद दिली होती.

मराठीत तर हा वारसा आणखी जुना. १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. पुराणे ऐकण्याची गोडी असलेल्या नवख्रिस्ती लोकांनी आता काय ऐकावे, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी लोकांची गोडी मोडली नाही, ओवी हाती घेतली. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी कादंबरी हा नवा, तेव्हा काहीसा उठवळ समजला जाणारा प्रकार उचलला आणि विधवांच्या दुःखावर ‘यमुनापर्यटन’ लिहिली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तीच मानली जाते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी परदेशी चालींच्या भाषांतरित गीतांवर भागवले नाही. अभंग, भजन, कीर्तन हे घराघरांत ऐकले जाणारे प्रकार त्यांनी देवळात आणले. आज ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की पानोपानी टिळक भेटतात. या तिघांनीही भोवतालचे लोक काय ऐकतात, काय वाचतात, ते आधी मन लावून पाहिले होते. अथेन्समध्ये भाषण करताना पौलाने ग्रीक कवींचा दाखला दिला, म्हणजे ते कवी त्याला पाठ होते.

आता घरातला प्रश्न. इथे उपदेशापेक्षा मोबाइलच्या सेटिंगची माहिती जास्त उपयोगाची. ओटीटीवरच्या प्रत्येक कार्यक्रमाला ‘यू’, ‘यू/ए ७+’, ‘१३+’, ‘१६+’ किंवा ‘ए’ अशी श्रेणी असते. २०२४ पासून चित्रपटगृहातल्या चित्रपटांनाही अशीच वयानुसार विभागणी लागू झाली आहे. १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना कुलूप लावण्याची सोय देणे ओटीटी कंपन्यांना बंधनकारक आहे, पण ते कुलूप पालकांनी लावले तरच लागते. मुलांचे प्रोफाइल वेगळे करावे, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाकावा. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, ती सोय बंद करावी. नुसत्या या एका बटणाने रात्रीची झोप परत येते. यूट्यूबचा पाहिल्याचा इतिहास पुसला की त्याच त्या शिफारशींचा लोंढा थांबतो. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये प्रत्येक अ‍ॅपला रोजची मर्यादा घालता येते. बोटाने कितीही सरकवले तरी न संपणारा पडदा ज्याच्या कल्पनेतून आला त्या एझा रॅस्किनने पुढे त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. ज्याने विहीर खोदली तोच तिला कठडा हवा म्हणतो, तेव्हा ऐकावे.

ही सेटिंग्ज मुलांच्या आधी आईबाबांच्या मोबाइलवर व्हावीत. जेवताना स्वतः स्क्रोल करणाऱ्या बापाचे मूल ऐकत नाही, यात नवल ते काय? पोप फ्रान्सिस यांनी २०२० च्या राखेच्या बुधवारी, प्रायश्चित्तकाळ हा टीव्ही आणि मोबाइल बाजूला ठेवून बायबल उघडण्याचा काळ आहे, असे सांगितले होते. या काळात मटण सोडणारी घरे पुष्कळ आहेत. चाळीस दिवस रात्री नऊनंतर सगळ्यांचे मोबाइल स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवणे हा त्याहून कठीण उपवास आहे.

कुलूप लहानांसाठी, पंधरा-सोळा वर्षांपुढे बोलण्याला पर्याय नाही. ‘हॅरी पॉटर’वरून अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका चर्चने २००१ मध्ये पुस्तकांची होळी केली. पोलंडमध्येही २०१९ मध्ये काही धर्मगुरूंनी तेच केले आणि मग माफी मागावी लागली. याच मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात हॅरी आपल्या आईवडिलांच्या थडग्यापाशी उभा राहतो, तेव्हा दगडावर नव्या करारातले वचन कोरलेले असते, आणि शेवटी तो इतरांसाठी स्वतःहून मरणाला सामोरा जातो. जाळणाऱ्यांवर टीका करताना हेही मान्य करावे, की जादूटोण्याची भीती ज्यांच्या गावात आजही खरी आहे, अशांच्या घरात मांत्रिकाच्या गोष्टी जरा जपून सांगाव्या लागतात. धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षिकेने मुलांना ‘हे पुस्तक वाचू नका’ म्हणण्यापेक्षा ‘वाचून झाले की मला सांगा’ म्हटले, तर ती मुले पुढच्या रविवारी नक्की येतील.

बोलायचे काय? मुलाने मालिका पाहिल्यावर त्याला विचारावे, की यात जिंकले कोण आणि कशाच्या जोरावर. आपल्याला कुणावर हसायला लावले? मोलकरीण, वॉचमन, जाडी मुलगी यांच्यावर का? ज्याला मारले त्याच्या घरी काय झाले, हे दाखवले का? पाहून झाल्यावर बाहेर येऊन कुणाशी बोलावेसे वाटले, की दार लावून बसावेसे वाटले? उत्तर पटले नाही तरी लगेच प्रवचन सुरू करू नये. फिलिप्पैकरांच्या पत्रात पौलाने ज्या गोष्टींवर मन लावायला सांगितले, त्यांची यादी चर्चमधल्या गोष्टींची नाही; जे जे खरे, न्याय्य, सुंदर, ते सगळे त्यात येते, मग ते कुठेही सापडो.

मोठ्यांसाठीही असा सराव हवा. धर्मग्रामात किंवा मंडळीत महिन्यातून एक चित्रपट, हक्कधारकाची परवानगी काढून, आणि नंतर तासभर चर्चा. सुरुवात उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’पासून (२०११) करावी. केशाला औदुंबराखाली दत्त दिसतात, पुढाऱ्यांच्या ते कानावर जाते, आणि गावाचा बाजार होतो. ख्रिस्ती प्रेक्षक हा चित्रपट पाहून खूप हसतो, कारण त्याला वाटते ही दुसऱ्यांची गोष्ट आहे. मग आपल्या सणाच्या कमानीवर कोणत्या बिल्डरचे नाव होते, नोव्हेनाच्या मेणबत्त्यांचा हिशेब कोण ठेवतो, नव्या चर्चच्या संगमरवराला किती लागले आणि गरिबांच्या पेटीत किती पडले, हे प्रश्न चर्चेत आले की हसू ओसरते. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ही असाच. १९५० च्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर आहेत, ही तक्रार रास्त आहे. पण चर्चमधल्या बाकांवर आणि लग्नाच्या बोलणीत जात किती शिल्लक आहे, हे ‘फँड्री’ पाहिल्यावर विचारायला हवे.

सोसायटीतला दांडिया, ऑफिसातली दिवाळी पार्टी, मित्राच्या हळदीत डीजेवर नाचणे, यांचे काय? करिंथमध्ये बाजारात मिळणारे मांस बहुधा मूर्तीपुढे वाहिलेले असे, आणि ते खावे की नाही यावरून मंडळीत तंटा होता. पौलाने सरसकट बंदीही घातली नाही आणि मोकळीकही दिली नाही. मूर्ती काही नाही हे तुला ठाऊक आहे, पण तुझ्या खाण्याने शेजारचा कच्चा भाऊ अडखळणार असेल तर सोड, असे त्याचे सांगणे. याच न्यायाने, शेजाऱ्यांच्या आनंदात सामील होणे आणि पूजेत सहभागी होणे यांतली रेघ प्रत्येकाने आपल्या पाळकाशी, धर्मगुरूशी बोलून ठरवावी, आणि दुसऱ्याची रेघ वेगळी पडली तर त्याला बाटगा ठरवू नये. जाता जाता: नाताळच्या कार्यक्रमात हमखास वाजणारे ‘जिंगल बेल्स’ हे १८५७ चे अमेरिकन गाणे आहे आणि त्यात घोडागाडी आहे, बर्फ आहे, येशूचे नाव एकदाही नाही. ते गाऊ नये असे नाही. पण ते चालते आणि हिंदी गाणे चालत नाही, असे म्हणणाऱ्या समितीने आपली कसोटी एकदा तपासून घ्यावी.

पैशाचे शेवटी. ‘द चोझन’ या येशूवरच्या मालिकेचा पहिला हंगाम कुठल्या स्टुडिओच्या नव्हे, तर हजारो सामान्य प्रेक्षकांच्या पैशावर उभा राहिला. एक कोटी डॉलर जमले. आपल्याकडेही याची परंपरा आहे. तियात्र या कोंकणी नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, मुंबईत झाला. पोटापाण्यासाठी गोव्याहून आलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांच्या जोरावर तो प्रकार जगला आणि आजही तिकीट लावून चालतो. मराठी ख्रिस्ती तरुणांत एकांकिका करणारे, गाणी रचणारे, लघुपट काढणारे अनेक आहेत. त्यांना सभागृह भाड्याने घ्यावे लागते, आणि चर्चचे सभागृह लग्नांसाठी राखीव असते. येत्या वर्षाचे अंदाजपत्रक करताना धर्मग्रामाच्या समितीने रोषणाईच्या रकमेतला एक हिस्सा या मुलांच्या नावाने काढावा, त्यांच्याकडून धार्मिकच विषय हवा असा हट्ट धरू नये, आणि प्रयोगाच्या दिवशी पहिल्या रांगेत तिकीट काढून बसावे.